रथाचे लाकूड

सोलापूरच्या मुलखात देव तीन तऱ्हांनी देवळाबाहेर पडतो. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसे ते उंच ध्वज आळीपाळीने पेलत संत सिद्धरामांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांच्या भेटीला जातात. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाज मार्कंडेय महामुनींचा रथ काढतो, आणि त्या दिवशी शहराच्या पूर्व भागातले रस्ते तेलुगूत बोलतात. आषाढी एकादशीला पंढरपुरात खाजगीवाल्यांचा रथ निघतो. गाभाऱ्यातल्या विठोबापाशी पोचायला वारकरी रात्रंदिवस दर्शनबारीत उभे असतात आणि त्याच दिवशी विठ्ठल, राही आणि रखुमाई रथात बसून प्रदक्षिणेच्या वाटेवर येतात. लोक रथावर खारका, बुक्का, नाणी उधळतात. दर्शनबारीत उभे राहणे ज्यांना झेपत नाही, त्यांची आषाढी रस्त्याच्या कडेला साजरी होते.

सिद्धरामांची वचने कन्नडमधली, मार्कंडेयाचे भक्त तेलंगणातून मागावर पोट भरायला आलेल्या घरांतले, आणि पंढरीची वारी मराठी. एकाच जिल्ह्यात तीन भाषांचे देव तीन वाहनांवर फिरतात, हे सोलापूरकराला इतके अंगवळणी पडले आहे की त्याला त्यात विशेष काही वाटत नाही. या साऱ्या मिरवणुकांत एक गोष्ट मात्र सारखी असते. पाहणाऱ्याची नजर वर जाते : ध्वजाच्या टोकाकडे, मूर्तीच्या मुखाकडे, कळसाकडे. रथाच्या पोटाशी, चाकांच्या वर, लाकडात काय कोरले आहे याकडे फारसे कोणी पाहत नाही. पाहायचे ठरवले तरी ते दिसत नाही, कारण त्या दिवशी तिथे केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, पताका, विजेचे दिवे आणि चढून बसलेली मुले असतात. उत्सव संपला की रथ रथखान्यात जातो आणि पत्र्याचे दार वर्षभरासाठी लागते. जे शिल्प एका दिवशी हजारोंच्या समोरून जाते आणि उरलेले वर्ष अंधारात असते, त्याची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

देवळातल्या शिल्पाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. वेरूळ, घारापुरी, अंबरनाथ, खिद्रापूर ही नावे शाळेच्या पुस्तकापासून ओळखीची आहेत. लाकडातल्या देवांच्या वाट्याला तेवढे लक्ष आले नाही. दक्षिण भारतातल्या काष्ठशिल्पाचा एकत्र विचार करणारा ‘लिव्हिंग वुड’ हा ग्रंथ जॉर्ज मिशेल यांनी संपादित केला आणि तो मार्ग प्रकाशनाने १९९२ साली काढला. त्यानंतर अभ्यासकांचे लक्ष रथांकडे थोडे अधिक वळले. सामान्य वाचकाच्या लेखी मात्र रथ हे अजूनही वाहन आहे आणि त्यावरचे कोरीवकाम ही सजावट. माझे म्हणणे वेगळे आहे. रथावरचे शिल्प रस्त्यासाठी घडवलेले असते. ते ऊन, गर्दी, हिसके आणि खालून वर पाहणारा माणूस धरूनच घडते, म्हणून देवळाच्या भिंतीवरच्या शिल्पाची मापे त्याला लावली की ते ओबडधोबड वाटते. आणि ते टिकते ते दुरुस्तीमुळे. हे दोन मुद्दे ध्यानात ठेवले, तर पुढच्या पानांवरच्या फळ्या, तुळईखालचे टेकू म्हणजे हस्त, व्याल नावाचे काल्पनिक पशू आणि घोडे वाचकाशी आपणहून बोलू लागतील.

आधी रथाची रचना पाहू. रथाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. खाली आख, चाके आणि त्यांच्यावर रचलेला जाड तुळयांचा सांगाडा. वर देवाचा मंडप आणि शिखर. तमिळ देशातल्या मोठ्या रथांत खालचा भाग कायमचा असतो. वरचे शिखर दर उत्सवाला बांबू, दोर आणि रंगीत कापडाने नव्याने उभारतात आणि देव परतला की उतरवून ठेवतात. त्यामुळे कोरीवकाम सगळे खालच्या भागावर. तिथे तुळया आणि फळ्या थरावर थर रचलेल्या असतात, आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढलेला असतो. उलटी ठेवलेली उतरंड जशी दिसेल तसा हा भाग वर रुंद होत जातो. त्यात सुताराचा रोकडा हिशेब आहे. वर देव, पुजारी आणि वाजंत्री यांना प्रशस्त जागा हवी, खाली चाकांमधले अंतर मात्र रस्त्याला मावले पाहिजे. या हिशेबाचा आणखी एक फायदा शिल्पकाराने उचलला. थर पुढे झुकला की त्यावरची मूर्तीही पुढे झुकते, आणि रस्त्यावर उभ्या माणसाकडे तिचे तोंड होते.

मानसार या शिल्पशास्त्राच्या संस्कृत ग्रंथात रथाच्या लक्षणांना स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. प्रासाद, मंडप, सिंहासन यांच्या बरोबरीने रथाचा विचार होतो, याचा अर्थ शास्त्रकारांच्या लेखी तो वास्तूचाच एक प्रकार होता. पुरीचे रथ या वास्तूचे दुसरे टोक दाखवतात. जगन्नाथाचा नंदिघोष सोळा चाकांचा, बलभद्राचा तालध्वज चौदा चाकांचा आणि सुभद्रेचा रथ बारा चाकांचा. तिन्ही दर वर्षी नव्या लाकडाचे बांधतात आणि अक्षय्य तृतीयेला कामाचा मुहूर्त करतात. प्रत्येक रथाच्या अंगाला नऊ लाकडी पार्श्वदेवता बसवलेल्या असतात. पुरीत रथ जुना होतच नाही, जुनी असते ती त्याची मापे जाणणारी माणसांची परंपरा. तमिळ रथ याच्या उलट एकदा बांधला की पिढ्यान्‌पिढ्या चालवायचा. महाराष्ट्रातले बहुतेक रथ या दुसऱ्या वाटेचे आहेत, पण दिसण्यात ते दोघांहूनही निराळे.

मराठी मुलखातला रथ वाड्याच्या घराण्यातला आहे. पेशवाईत वाडे बांधणाऱ्या सुतारांनी जे हात कमावले तेच रथावर चालले. सुरूच्या घाटाचे खांब, खांबांमधली महिरप, कोपऱ्यांतून लोंबणारी केळफुले, तुळईखाली मोर-पोपटांचे हस्त, कठड्याला जाळी. वाड्याची ओसरी चाकांवर चढवावी असा थाट. देवदेवता येतात त्या सुट्ट्या मूर्तींच्या रूपाने : पुढे लाकडी घोडे आणि त्यांचा सारथी, कुठे हात जोडलेला गरुड, कुठे मारुती, दारापाशी जय-विजय. तमिळ रथावर कोरीव पट्ट्यांची इतकी दाटी असते की मोकळी फळी शोधावी लागते. मराठी रथावर मोकळी जागा भरपूर, आणि तिच्यात नेमक्या चार-सहा आकृती. दोन्हींची तुलना करून डावे-उजवे ठरवण्यात मतलब नाही. एकात भिंत बोलते, दुसऱ्यात मूर्ती बोलते.

या मराठी रथांची वस्ती दूरवर पसरलेली आहे. जळगावात श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो. ही प्रथा आप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केली. नाशकात काळाराम मंदिराचे रामरथ आणि गरुडरथ चैत्रातल्या कामदा एकादशीला गोदावरीकडे जातात, आणि मानाचे पुजारी रथाकडे तोंड करून सबंध वाट उलटे चालतात. सोलापूरच्या शिवेला लागून असलेल्या म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी निघतो. तासगावच्या गणपतीचा तीन मजली रथ ऋषिपंचमीला दोरांनी ओढत काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत नेतात. मुलगा बापाच्या भेटीला गेला, असे लोक म्हणतात. तासगावचे उदाहरण आपल्या विषयात फार मोलाचे आहे. हे देऊळ परशुरामभाऊ पटवर्धनांचे. कर्नाटकच्या मोहिमांत घोडा फिरवलेल्या या सेनानीने देवळापुढे दक्षिणी घाटाचे उंच गोपूर उभे केले. गोपूर आले त्याच वाटेने उंच रथाची हौसही आली असावी. कृष्णेच्या अलीकडे-पलीकडे शिल्पाची सरहद्द कशी सरकत राहिली, हे तासगावात उघड्या डोळ्यांनी पाहता येते. गोव्यात मंगेशीला माघी पौर्णिमेच्या जत्रेत रथ ओढतात. सोलापूरहून पूर्वेला कलबुर्गीत शरणबसवेश्वरांचा रथ होळीनंतरच्या पंचमीला निघतो, आणि त्या जत्रेला सीमेच्या अलीकडची मराठी-कानडी घरे गाड्या भरून जातात.

आता लाकूड. रथाला कोणतेही लाकूड चालत नाही. महाराष्ट्रात पहिला मान सागवानाचा. ते सरळ वाढते, ऋतूंच्या फेऱ्यात फारसे फुगत-आकसत नाही, आणि त्यातल्या तेलामुळे वाळवी त्याला सहसा शिवत नाही. पटाशीखाली ते आज्ञाधारकपणे सुटते. तमिळ सुतार खालच्या थरांसाठी मोहाचे लाकूड पसंत करतात. आपल्याकडे मोह म्हटले की फुले आठवतात, तिकडे त्याचे जड, चिवट, पाण्याला दाद न देणारे लाकूड रथाच्या कामी येते. बिबळाही वापरतात. चाकाचा विचार वेगळा. बैलगाडीच्या चाकात तुंबा, आरे आणि पुठ्ठे असे सुटे भाग जोडून वर लोखंडी धाव चढवतात. मोठ्या रथाला आऱ्यांचे चाक वजन पेलत नाही, म्हणून तिथे जाड फळ्या एकमेकींना भिडवून भरीव चाक करतात. रथाच्या सांगाड्यात खिळे कमीत कमी. एका तुळईला कुसू काढायचा, दुसरीला खाच, आणि वरून लाकडी खुंटी ठोकायची. यामागेही अनुभव आहे. रथ चालताना सगळा सांगाडा करकरतो, पिळवटतो, खड्ड्यात एका अंगावर कलतो. खिळ्यांनी जखडलेले लाकूड अशा वेळी फाटते, कुसवाचा सांधा किंचित हलून पुन्हा जागेवर बसतो.

या लाकडात देव कसा उतरतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. तुळईखालचा गरुडाचा हस्त घेऊ. हातभर उंचीचा ठोकळा, त्यातला तंतू उभा. गरुडाचा देह, पाय, मुकुट हे सगळे तंतूच्या दिशेने जाते, त्यामुळे तिथे पटाशी खोल चालवता येते. पंख पसरायचे म्हटले की अडचण सुरू होते. आडवा पसरलेला पंख म्हणजे तंतू तोडून काढलेला भाग, धक्का बसला की मुळापासून तुकडा पडणार. जाणता कारागीर पंख आडवे पसरतच नाही. तो ते खांद्यामागून वर उचलतो आणि त्यांची टोके तुळईला टेकवतो. हात छातीशी जोडलेले, म्हणजे कोपरे देहाला चिकटून राहिली. पायांपैकी एक गुडघा टेकलेला, एक वाकवून पुढे. त्या वाकलेल्या पायातून वरचे वजन खाली उतरते. नाक आणि चोच ठळक, डोळे मोठे आणि बाहेर आलेले, पापणीची कड खोल कापलेली, कारण हा चेहरा दहा-पंधरा पावलांवरून, दुपारच्या उन्हात, हलत्या रथावर ओळखू आला पाहिजे. हस्ताची मागची बाजू बहुधा सपाट आणि टवक्यांची असते. तिथे वाकसाचे घाव जसेच्या तसे दिसतात, कारण ती बाजू सांगाड्याला लागणार असते. विनम्र गरुडाची जी मुद्रा आपण भक्तीची खूण म्हणून वाचतो, ती सुताराने तंतू सांभाळून, वजन वाहून नेता नेता साधलेली असते. भक्ती आणि भार यांची अशी सांगड दगडात इतक्या स्पष्टपणे दिसत नाही, कारण दगडाला तंतू नसतो.

म्हणूनच रथावरच्या देवांची आयुधे पाठीमागच्या प्रभावळीला जुळलेली असतात, उगारलेले हात मुकुटाला टेकलेले असतात, आणि नृत्यातला उचललेला पाय फळीच्या चौकटीला भिडलेला असतो. नरसिंहाच्या फळीत हिरण्यकशिपू आडवा मांडीवर असतो. इथे तर गोष्टच तंतूच्या आड जाते. अशा वेळी कारागीर आडव्या देहाला जाड ठेवतो, त्याचे डोके आणि पाय चौकटीत रोवतो, आणि नरसिंहाचे वरचे हात आयाळीत मिसळून टाकतो. पाहणाऱ्याला दाटीवाटी वाटते. ती दाटी लाकडाने मागितलेली असते.

कोरीव थरांना क्रम असतो. अगदी खाली, चाकांच्या लगत, हत्ती, सिंह, नाग आणि भार वाहणारी भुते. त्यावर व्याल आणि घोडेस्वार, शिकारी, मल्ल, नर्तकी, कधी मिथुने. त्याहून वर अवतार, शिवाची रूपे, गणपती, कार्तिकेय, देवी. सर्वांत वर मोकळ्या मंडपात उत्सवमूर्ती. खालून वर जावे तसे जग शांत होत जाते. तमिळ देशातल्या उशिराच्या रथांवर खालच्या थरांत बंदूकधारी शिपाई आणि टोपीवाले साहेबही दिसतात. रस्त्यावर जे होते ते रथावर चढले. देवळाच्या भिंतीवर नवा माणूस यायला शतक लागते, रथावर तो पुढच्या दुरुस्तीत येतो.

दुरुस्ती हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. रथाची एक फळी किडली की ती काढून तिच्या जागी नवी बसवतात. कधी जुनी समोर ठेवून तिच्यावरून नवी कोरतात, कधी कारागीर आपल्या मनाने बदल करतो. पन्नास-साठ वर्षांत आख बदलतात, शंभर वर्षांत चाके, आणि मधल्या काळात घोडे नव्याने रंगतात. मग अमुक रथ किती जुना, या प्रश्नाला सरळ उत्तर राहत नाही. एकाच रथावर तीन-चार पिढ्यांचे हात शेजारी शेजारी असतात. अभ्यासकाला हे अडचणीचे वाटते. मला त्यात विषयाचा गाभा दिसतो. शिळेवरचे शिल्प एकदा पूर्ण होते, रथावरचे पूर्ण होतच नाही. त्याच्यासाठी दर पिढीत एक तरी सुतार तयार असावा लागतो, आणि तो नसला की रथ जागेवर असूनही परंपरा संपते.

शिळेचे शिल्पही मुळात लाकडाकडूनच शिकले. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला ज्या लाकडी कमानी आहेत, त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या असून आजही तिथे आहेत. खडकातल्या छताला त्यांच्या आधाराची गरज नव्हती. घर म्हटले की लाकडाच्या फासळ्या दिसल्याच पाहिजेत, ही सवय तिथे दिसते. वेरूळच्या दहाव्या लेण्यात त्या फासळ्या दगडातच कोरल्या. लोक त्या लेण्याला सुताराची झोपडी म्हणत आले आहेत. हेच रथाच्या बाबतीत हंपीत घडले. तिथल्या विठ्ठल मंदिराच्या अंगणातला दगडी रथ आता पन्नासच्या नोटेवर पोचला आहे. हे खरे तर गरुडाचे छोटे देऊळ, लाकडी रथाच्या रूपात बांधलेले. चाके, आख, थर, पट्टे सगळे सुताराच्या बोलीत. पुढे आज जे हत्ती दिसतात त्यांच्या जागी आधी घोडे होते, त्यांच्या पायांचे अवशेष मागे आहेत. वरचे विटांचे शिखर एकोणिसाव्या शतकात उतरवले गेले. म्हणजे दगडी रथालाही दुरुस्ती आणि फेरबदल चुकले नाहीत.

पंढरपूरच्या वाचकाला हंपीचे विठ्ठल मंदिर परके नाही. कृष्णदेवरायाने विठ्ठलमूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. इतिहासकार या कथेविषयी वाद घालतील. मला त्यातली भौगोलिक जाण महत्त्वाची वाटते. विठ्ठलाचा रथ हा विषय घेतला की भीमेपासून तुंगभद्रेपर्यंतचा सगळा पट्टा एका नजरेत घ्यावा लागतो. तिथून आणखी खाली तंजावर. तिथे १६७६ ते १८५५ भोसल्यांचे मराठी राज्य होते. तिथल्या बृहदीश्वराची रथयात्रा दीर्घ खंडानंतर २०१५ साली नव्या रथाने पुन्हा सुरू झाली. जवळच्या तिरुवारूरचा रथ देशातल्या सर्वांत मोठ्या रथांत गणला जातो. सोलापूरचा मराठी वाचक त्या रथांकडे पाहुण्यासारखा न जाता नातेवाइकासारखा जाऊ शकतो.

रथाचा विषय काढावा आणि दोराचा काढू नये, हे बरे नाही. रथावरचे शिल्प सर्वांसाठी रस्त्यावर येते हे खरे. पण रथ ओढायचा कोणी, दोराला हात कोणी लावायचा, हे जातींनी ठरवलेले होते. पंढरपुरात रथ ओढण्याचा मान वडार समाजाकडे आहे. आयुष्यभर दगड फोडणाऱ्या हातांना वर्षातून एकदा हे लाकूड सोपवले जाते. नाशकात काय झाले ते नोंदलेले आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ९ एप्रिलला रथयात्रा होती. स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून रथ ओढायचा, असा समझोता झाला होता. ऐन वेळी स्पृश्यांनी रथ पुढे पळवून नेला आणि दगडफेक झाली. पंढरपुरात साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले, तेव्हा विठ्ठल मंदिराचे दार दलितांसाठी उघडले. लाकडाच्या सौंदर्यावर लिहिताना हे बाजूला ठेवले तर अर्धे चित्र पुसले जाते. भार वाहणाऱ्या लाकडी भुतांकडे आपण कौतुकाने पाहतो, दोर ओढणाऱ्या माणसांकडे पाहत नाही. जळगावच्या रथाला चालवणारे खरे तंत्रज्ञ म्हणजे मोगरीवाले. चाकाखाली लाकडाची मोगरी सरकवून ते रथाला वळवतात, थांबवतात, उतारावर आवरतात. हा सगळा खेळ फिरत्या चाकापासून वीतभर अंतरावर चालतो. रथाचे शिल्प सुखरूप घरी येते ते या हातांमुळे.

आजचे प्रश्न वेगळे आहेत. पहिला प्रश्न रस्त्याचा आणि विजेच्या तारांचा. २७ एप्रिल २०२२ रोजी तंजावरजवळच्या कळिमेडू गावात रथ उच्च दाबाच्या तारेला लागला आणि अकरा माणसे गेली. त्यामुळे ठिकठिकाणी कळस घडीचे झाले, काही रथांची उंची कमी केली गेली. माणसाच्या जिवापुढे शिल्पाचे प्रमाण मोठे नाही, हे मान्यच आहे. फक्त उंची कापताना कोणता थर काढला याची नोंद तरी राहावी. दुसरा प्रश्न चाकांचा. तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने तमिळनाडूतल्या अनेक रथांसाठी पोलादी आख आणि चाके घडवली. त्यामुळे रथ सुरक्षित झाले, त्यांना ब्रेक मिळाले. सांगाडा लाकडाचा आणि पाय पोलादाचे, अशी ही नवी जात आहे आणि ती टिकणार आहे.

तिसरा प्रश्न आपल्या आवडीचा. पालखीच्या रथांवर चांदीचा पत्रा दिसतो, मग गावोगावच्या रथांना चांदी चढवण्याची चढाओढ लागते. पत्र्याखाली लाकूड गुदमरते. त्याचा श्वास बंद झाला की ओल आत कोंडते आणि कूज बाहेरून कळत नाही. पत्रा नसेल तर तेलरंग. दर उत्सवाला एक नवा हात, आधीचा न खरवडता. दहा-पंधरा थर चढले की देवाच्या डोळ्याची कड बुजते, बोटे एकमेकांत मिसळतात, आणि पाहणारा म्हणतो की जुन्या कारागिराला बोटे काढता येत नव्हती. जवसाच्या तेलाचा पातळ हात आणि वर्षातून दोनदा रथखान्याचे दार उघडून वारा देणे, एवढ्यावर लाकूड पुष्कळ वर्षे काढते.

चौथा प्रश्न बाजाराचा. दुरुस्तीत काढलेली फळी बहुतेक वेळा देवळामागच्या अडगळीत पडते, तिथून भंगारात आणि भंगारातून दिवाणखान्यात. शहरातल्या दुकानांत ‘मंदिराची जुनी फळी’ म्हणून जे विकले जाते, त्यात रथाचे अवयव बरेच असतात. शंभर वर्षांवरची कलावस्तू देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. कायदा कागदावर असला तरी फळी कोणत्या रथाची, हे सिद्ध करायला काहीच हाती नसेल तर पोलीस तरी काय करणार? चित्र नाही, माप नाही, नोंद नाही. देवाचे दागिने वहीत लिहिलेले असतात. देवाचे लाकूड लिहिलेले नसते.

या पुस्तकातली छायाचित्रे आणि रेखाटने त्या वहीची सुरुवात म्हणून पाहावीत. त्यांतून शैलींचा इतिहास सिद्ध होतो असा माझा दावा नाही. वाचकाने ती पाहताना प्रत्येक आकृतीला चार प्रश्न विचारावेत : ही कोणत्या थरात बसते, तिच्यावर वजन आहे की ती नुसती टांगलेली आहे, तिचा तंतू कोणत्या दिशेने जातो, आणि तिच्या शेजारची फळी त्याच हाताची आहे का. एवढे विचारायला कलेतिहासाची पदवी लागत नाही. गावातला कोणताही जुना सुतार याची उत्तरे चटकन देतो, आणि बहुधा आपल्याला न सुचलेला पाचवा प्रश्नही विचारतो.

देवस्थानांच्या विश्वस्तांना आणि उत्सव समित्यांना एक मागणे आहे. पुढच्या वेळी रथ दुरुस्तीला काढाल तेव्हा काम सुरू होण्याआधी चारही बाजूंची छायाचित्रे घ्या. फळ्यांना क्रमांक द्या. काढलेला प्रत्येक तुकडा देवस्थानातच ठेवा, किडलेला असला तरी. काम करणाऱ्या सुताराचे नाव, लाकडाची जात आणि साल रथाच्या आतल्या तुळईवर कोरून ठेवा. जुन्या कारागिरांनी आपली नावे लिहिली नाहीत, म्हणून आपणही लिहू नयेत असा काही नियम नाही. मूर्तीच्या अलंकारांवर जेवढा खर्च होतो त्याचा लहानसा हिस्सा गावातल्या एखाद्या होतकरू मुलाला पटाशी धरायला शिकवण्यावर केला, तर पन्नास वर्षांनी रथाला वारस मिळेल. रथ ओढायला हजारो हात दर वर्षी येतात. रथ घडवणारे दोन हात प्रत्येक पिढीत तयार करावे लागतात, आणि ती जबाबदारी देवाची नसून गावाची आहे.